ज्याचं दुखणं त्यानं चावावं

चांगुणाबाईंनी मला तीनदा विचारलं आणि तिन्ही वेळा मी खोटं बोलले. पहिल्यांदा ओसरीवर चहा पिताना, दुसऱ्यांदा डोंगर चढताना आणि तिसऱ्यांदा अगदी झुडपासमोर, हातात हळद लावलेले तांदूळ धरून. "दुखणं तुव्हंच ना, बाई?" एवढाच प्रश्न होता. मी उजव्या गालावर हात ठेवून मान डोलावली. तोंड कसं वाकडं करायचं हे मला शिकवावं लागलं नाही, कारण चार वर्षं तसलंच तोंड मी घरात बघत होते.

दुखणं माझ्या नवऱ्याचं होतं. नंदकिशोर खैरनार, नाशिकच्या एका बँडपथकात क्लॅरिनेट वाजवतो. यंत्राने रचलेल्या आणि यंत्रानेच वाजवलेल्या गाण्यांवर नाचून लोक कंटाळले, तेव्हापासून वरातीला पुन्हा हाडामांसाचा बँड हवा असतो. पथकाला बरे दिवस आले आणि नेमकं त्याच वर्षी नंदूच्या चेहऱ्याचं सुरू झालं. उजव्या बाजूचा मज्जातंतू बिघडला. वारा लागला, पाणी लागलं, भाकरीचा घास चावला की गालातून वीज गेल्यासारखी कळ जाते. दाढी तो फक्त डाव्या बाजूची करायचा. गोळ्या आधी लागू पडल्या, मग कमी पडल्या, मग नुसती गुंगी यायला लागली. शेवटी डॉक्टरांनी सांगितलं, तंतू कापू. दुखणं कायमचं जाईल, पण ओठांची उजवी बाजूही कायमची बधिर होईल. क्लॅरिनेटची पत्ती ओठांत धरावी लागते, आणि बधिर ओठाला ती धरता येत नाही. कोजागिरीनंतरचा सोमवार ठरला होता. भाद्रपद निम्मा सरला होता आणि माझ्या हातात जेमतेम चार आठवडे होते.

मी स्वतः औषधी वनस्पतींच्या संस्थेत काम करते. खडकवंगणच्या चांगुणाबाई धादवड कळ उतरवण्यासाठी झाडपाला देतात हे मला तिथेच कळलं. भंडारदऱ्याच्या अंगाला, डोंगराच्या खांद्यावर त्यांनी सात झुडपं राखली आहेत. प्रत्येकाभोवती चुन्याने रंगवलेले दगड. त्या झुडपाचं नाव मी इथे लिहिणार नाही. रिवाज असा, की एका झुडपाला वर्षातून एकच माणूस. भाद्रपदात नवी पालवी जून झाली की शनिवारी संध्याकाळी दुखणाईताने स्वतः जायचं, झाडाला तांदूळ वाहायचे, दुखणं कुठे आहे ते सांगायचं, मग हात न लावता वाकून, शेळीसारखं, फांदीवरची पानं तीन ठिकाणी चावायची. चावलेलं मुळाशी थुंकायचं. त्यानंतर रविवारी उजाडेपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. सकाळी चांगुणाबाई आपली सावली पडू न देता पानं खुडतात, आणि ती सावलीत वाळवून वर्षभर पुरवायची.

सहा झुडपं वाटून झाली होती. सातव्यासाठी मी महिनाभर फोनवर त्यांच्या मागे लागले होते. पण नंदूला न्यायचं कसं? आदल्या महिन्यात एकदा निघालो होतो. गाड्या आपल्या आपण चालायला लागल्या तरी खड्डे आहेत तिथेच आहेत. घोटीच्या पुढे एका हादऱ्याला त्याने असा काही आवाज काढला, की गाडीने आपणहून बाजूला थांबून दवाखान्याला फोन लावला. आम्ही परत फिरलो.

म्हणून मी ठरवलं, आपणच जायचं. त्यात मला काही गैर वाटलं नाही. आपल्याकडे पूजेला बायको हजर नसली तर शेजारच्या पाटावर सुपारी ठेवतात आणि सगळे विधी यथासांग पार पडतात. बायकोऐवजी सुपारी चालते, तर नवऱ्याऐवजी अख्खी बायको का चालू नये? पान महत्त्वाचं, बाकी सगळा देखावा, असं माझं शास्त्रीय मत होतं. मी वाकले आणि चावलं. पान कडू होतं, जीभ चरचरली. वाकताना कमरेतून कळ गेली, पण तिची मला सवय होती.

सोमवारी सकाळी पानं घेऊन मी संस्थेत हजर झाले. आमच्याकडे एक यंत्र आहे, कागदोपत्री त्याचं नाव लांबलचक आहे, आम्ही त्याला जीभ म्हणतो. पानाचा कपटा दिला की त्यात कोणती द्रव्यं किती आहेत ते चार मिनिटांत सांगते. शेजारच्या खोलीत रेणूयंत्र असतं. जिभेने जे वाचलं ते रेणूयंत्र तयार करतं, हवं तेवढं. या दोघांच्या जोरावर गेल्या सहा वर्षांत आमच्या संस्थेने चाळीस झाडपाल्यांची औषधं केली आहेत, आणि आपल्याला सगळं कळतं अशी आमची सगळ्यांची समजूत झाली आहे.

त्या पानात चार द्रव्यं निघाली, चारही अनोळखी. त्यांचं काम मात्र मी बघता क्षणी ओळखलं. दुखणं म्हणजे शेवटी एक निरोप असतो. मज्जातंतूच्या भिंतीला बारीक बारीक दारं असतात, त्यांतून सोडियम आत शिरतं, एक दार उघडलं की पुढचं उघडतं, आणि निरोप मेंदूपर्यंत पोहोचतो. नंदूच्या गालातली दारं नुसत्या वाऱ्याने उघडत होती. नेहमीच्या गोळ्या शरीरातली सगळीच दारं थोडी थोडी जाम करतात, म्हणून माणूस पेंगतो. या चार द्रव्यांचं प्रमाण असं होतं, की एका ठरावीक तंतूतली दारं बंद व्हावीत आणि बाकीच्यांना धक्काही लागू नये. असं औषध माणसांना पन्नास वर्षांत बनवता आलेलं नव्हतं. मी खुर्चीवरून उठून खोलीत तीन फेऱ्या मारल्या. एका जागी बसणं मला एरवीही जमत नाही.

घरी द्यायचं ते आधी आपण खाऊन पाहायचं, हा माझा नियम आहे. आठ दिवस मी स्वतः रेणूयंत्रातून काढलेल्या औषधाची रोज एक पुडी घेतली. काही अपाय झाला नाही. उलट अंगात हुशारी आली, झोप लागायला लागली. ते मी आनंदाच्या खात्यावर टाकलं. नवव्या दिवशी नंदूला पहिली पुडी दिली. त्याला मी फक्त एवढंच सांगितलं होतं, की पानं मिळाली.

तिसऱ्या दिवशी तो म्हणाला, जरा बरं वाटतंय. आठवड्याने त्याने पोळी मऊ न करता खाल्ली. दहाव्या दिवशी न्हाणीघरातून बाहेर आला तो दोन्ही गाल गुळगुळीत करून. चार वर्षांनी मला त्याचा अख्खा चेहरा दिसला. मी त्याच्या उजव्या गालाला हात लावायला गेले, तर तो हसत मागे सरला आणि म्हणाला, अजून ओला आहे. त्याच दिवशी त्याने डॉक्टरांना फोन करून कोजागिरीनंतरचा सोमवार रद्द केला. तुळशीचं लग्न झालं की वराती सुरू होतात. यंदाचा हंगाम आपण वाजवणार, असं त्याने पथकालाही कळवून टाकलं.

मी संस्थेत उड्या मारत होते. वीस स्वयंसेवक गोळा केले, सगळे चेहऱ्याच्या त्याच दुखण्याचे. वीसच्या वीस जणांना औषधाने काडीचा फरक पडला नाही. आमचे संचालक सभ्य गृहस्थ आहेत. त्यांनी मला बोलावून विचारलं, की तुमच्या यजमानांना नक्की गुण आला ना? मी म्हणाले, रोज दाढी करतात. त्यांनी फाईल परत दिली.

त्याच दुपारी वरच्या फळीवरून वीस लिटरचा द्रावणाचा कॅन उतरवताना मी मध्येच थांबले. कॅन माझ्या हातात होता आणि कमरेत काहीही झालं नव्हतं. दोन वर्षांपूर्वी जिन्यात नंदूला कळ आली, तो कोसळताना मी त्याला सावरलं, तेव्हा माझ्या कमरेत उसण भरली होती. ती पुढे गेलीच नाही. उठताना, बसताना, वाकताना ती हजर. घरात एक दुखणाईत पुरे म्हणून मी कुणाला सांगितलं नव्हतं. आणि आता किती दिवस ती नव्हती, हे मला आठवेना. मी कॅन खाली ठेवला, पुन्हा उचलला, पुन्हा ठेवला. मदतनीस मुलगी घाबरून बघत राहिली.

मग मी डोकं थंड ठेवून करायला हवं होतं ते पहिल्यांदा केलं. राजूरच्या एका गवंड्याला गुडघ्यासाठी चांगुणाबाईंनी दुसरं झुडूप दिलं होतं. त्याच्याकडून चार पानं मागवली आणि जिभेला दिली. तीच जात, तोच डोंगर, तोच आठवडा. द्रव्यं तीच चार, पण प्रमाण साफ वेगळं. मी उरलेल्या पाच जणांची पानं मागवली. पाचही वेगळी.

उत्तर वनस्पतिशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या धड्यात होतं. अळीने पान कुरतडलं, की झाड तिच्या लाळेवरून ती कोणती अळी ते ओळखतं आणि तिच्यावर चालेल असं विष रातोरात तयार करतं. हे झुडूप माणसालाही एक मोठी अळीच समजत असणार. माणसाचा जो तंतू बिघडलेला असतो, त्याचे बारीक अंश रक्तातून लाळेत उतरतात. झाडाला आपलं दुखणं बरं करायचं नसतं, त्याला चावणाऱ्याला लुळं करायचं असतं. म्हणून ते लाळेत माग लागलेल्या तंतूवरच नेमका घाव घालतं, आणि दुखणाऱ्या माणसाला ते औषध होतं. तांदूळ, हळद, मौन यांचं मला ठाऊक नाही. पण ज्याचं दुखणं त्यानंच चावायचं, हा रिवाज नव्हता, ती कृती होती. सगळ्या विधीतला तेवढाच भाग मी बदलला होता. वीस माणसांना मी माझ्या कमरेचं औषध खाऊ घातलं होतं.

आणि नंदूला? हा विचार मला जिन्यात आला. मी उरलेल्या पायऱ्या धावत उतरले.

त्या दिवशी पथकाच्या सरावाहून तो उशिरा आला, जेवून लगेच झोपला. मी काही विचारलं नाही. त्याच्या तोंडून पुन्हा "बरं आहे" ऐकण्याची मला भीती वाटत होती. सकाळी तो न्हाणीघरात गेला, कडी लावली, नळ सोडला. नेहमीसारखा पूर्ण. पाणी सोडून दाढी करायची ही काय सवय, असं मी त्याला महिनाभर टोकत होते. मी गच्चीत गेले आणि टाकीचा मुख्य कॉक बंद केला.

परत आले तेव्हा नळ थांबला होता आणि आतून आवाज येत होता. दातांत काहीतरी धरून तो कण्हत होता. वस्तरा गालावरून ओढल्याचा बारीक खर्र, मग कण्हणं, मग धाप, मग पुन्हा खर्र. पाणी गेलंय हे त्याला एवढ्या कळांत समजलंही नसावं. मी दार ठोठावलं. बऱ्याच वेळाने कडी निघाली. त्याच्या उजव्या गालाला अर्धा फेस होता, डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तोंडातला पंचा त्याने नुकताच हातात घेतला होता.

"कधीपासून?" मी विचारलं.

"पहिल्या दिवसापासून. काहीच फरक पडला नव्हता."

"मग बरं वाटतंय म्हणून का सांगितलंस?"

तो न्हाणीघराच्या उंबऱ्यावर बसला. बोलताना ओठ कमीत कमी हलवत होता, तसं बोलणं गेल्या महिन्यात त्याने माझ्यासमोर एकदाही केलं नव्हतं. "तू चार वर्षांनी सलग झोपायला लागली होतीस, वृषा. म्हटलं, झोपू दे हिला."

मी त्याच्यावर भडकले. शस्त्रक्रियेची तारीख घालवलीस, म्हणाले, वीस माणसांची चेष्टा केलीस. बोलता बोलता मला माझीच लाज वाटली आणि मी त्याला सगळं सांगितलं, चांगुणाबाईंचे तीन प्रश्न, माझी तीन उत्तरं, कंबर. बाकीचं त्याने मुकाट ऐकून घेतलं. कमरेपाशी मात्र तो अडला. दोन वर्षं? कुठल्या जिन्यात? त्याला ते माहीतच नव्हतं. एकाच खाटेवर झोपणारी आम्ही दोन माणसं, आणि दोघांनीही आपापलं दुखणं एकमेकांपासून इतकं व्यवस्थित लपवलं होतं, की ते फक्त एका झुडपाला कळलं.

शनिवारी मी त्याला घेऊन खडकवंगणला गेले. चार तास लागले. त्याचं डोकं शालीत गुंडाळून मी मांडीवर धरलं होतं आणि गाडीला बैलगाडीच्या वेगाने चालायला सांगितलं होतं. चांगुणाबाई दारातच होत्या. मी पाया पडले आणि उभ्या उभ्या कबुली दिली. त्यांनी आधी नंदूला आत नेऊन बसवलं, चुलीपाशी, वाऱ्याच्या आड. मग बाहेर आल्या.

"मला फसवलं त्याचं काय नाय, बाई. मानसं फसवत्यातच," त्या म्हणाल्या. "पर तू झाडाला तुव्हं दुखणं सांगून बसली. आता फुडल्या भादव्यापत्तुर ते दुसऱ्या कुणाचं ऐकायचं नाय. हा बापडा तोंड धरून बसणार, आन् झाड तुव्ह्या कमरंसाठी राबणार."

एका झुडपाला वर्षातून एकच माणूस, हे त्यांनी मला आधीच सांगितलं होतं. मला ती काटकसर वाटली होती. मी म्हणाले, फांद्या पुष्कळ आहेत, दुसऱ्या बाजूने चावू द्या. त्यांनी हरकत घेतली नाही. तुमचं समाधान होऊ द्या, म्हणाल्या. नंदू वाकला. दात पानावर टेकताच त्याला कळ आली, तो गुडघ्यांवर बसला, पुन्हा उठला आणि तिन्ही ठिकाणी चावून दाखवलं. मी उभी राहून बघत होते. चार वर्षांत इतकं असहाय मला कधी वाटलं नव्हतं, कारण करण्यासारखं काहीच माझ्या हातात नव्हतं.

सोमवारी जिभेने चार मिनिटांत सांगितलं. ती पानंही माझ्याच कमरेची होती. पहिला चावा बसला की झुडूप एकच उत्तर ठरवतं, ते मुळापासून शेंड्यापर्यंत सगळीकडे पाठवतं आणि पानगळ होईपर्यंत तेच धरून बसतं. बाकीची सहाही झुडपं आपापल्या माणसाला उत्तर देत होती.

त्यानंतर मी जे केलं त्याला घरात आमच्या भाषेत "वृषालीची धावपळ" म्हणतात. रोपवाटिकेतली त्याच जातीची दोनशे रोपं आणली, त्यांवर नंदूची लाळ लावली. एकाही रोपाने दाद दिली नाही. चांगुणाबाईंच्या झुडपांना तीन पिढ्या माणसं चावत आली आहेत, माणूस ओळखायला ती शिकली आहेत, कोवळ्या रोपांना ते कुठून येणार? मग त्या सहा जणांची लाळ आणि त्यांची पानं ताडून नंदूचं प्रमाण गणिताने काढायचा प्रयत्न केला. सहावरून सातव्याचं उत्तर काढणं म्हणजे अंदाजपंचे दाहोदरसे. पहिल्या मिश्रणाने त्याला दिवसभर ओकाऱ्या झाल्या. दुसऱ्याने त्याचा डावा हात दोन दिवस लुळा पडला. तिसरं मी बनवलं होतं, पण संचालकांनी रेणूयंत्राची किल्ली माझ्याकडून काढून घेतली. त्यांचं बरोबर होतं. मी तेव्हा त्यांना फार वाईट बोलले.

माझी पुडी मी त्या न्हाणीघराच्या दिवसापासून बंद केली होती. ती घशाखाली उतरत नव्हती. कंबर आठवड्यात परत आली आणि आल्यावर तिने मागची सगळी थकबाकी वसूल केली. तुळशीच्या लग्नानंतरच्या पहिल्या वरातीला नंदू हट्टाने गेला. आठ मिनिटं वाजवलं. नववं मिनिट त्याला साधलं नाही, आणि दिव्यांच्या गाडीशेजारी रस्त्यावरच तो गाल धरून बसला. मी त्याला उठवायला गेले आणि मलाच उठता येईना. पथकातल्या दोघांनी आम्हा दोघांना उचलून रिक्षात घातलं. वरातीतले लोक हसत होते, त्यांना वाटलं आम्ही प्यायलेलो आहोत.

घरी आल्यावर नंदूने कपाटातली बरणी काढली आणि एक पुडी माझ्या हातावर ठेवली. मी नको म्हणाले.

"एकानं तरी सरळ उभं राहायला हवं," तो म्हणाला. "घे."

मी घेतली. दुसऱ्या दिवशी त्याने पुन्हा आठवणीने दिली. तेव्हापासून सकाळचं ते काम त्याचं झालं.

पौषात लग्नं नसतात. मला वाटलं होतं तेवढ्यात त्याला विसावा मिळेल. पण वर्ष थंडीचं निघालं, आणि थंडीत त्याला श्वास आत घेतला तरी कळ यायची. वजन शेहेचाळीस किलोवर आलं. मी भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर भाद्रपदापर्यंतचे आठवडे लिहून ठेवले होते आणि रोज त्याला सांगत होते, आता एवढेच राहिले, झुडूप मोकळं होईल, तू चावशील, मग वाजवशील. माघातल्या एका सकाळी त्याने ते पान काढून त्याची घडी केली आणि माझ्याकडे दिली. डॉक्टरांना त्याने आधीच फोन केला होता.

मी खूप बोलले. एवढं सोसलंस, आणखी सात महिने, ओठ गेले की परत येत नाहीत. मी त्याच्यासमोर खोलीत येरझारा घालत होते, हात हलवत, वाकून त्याच्या तोंडाकडे बघत. तो शांतपणे माझं वाकणं, वळणं, उठणं पाहत होता.

"ज्याचं जळतं त्यालाच कळतं, वृषा," तो म्हणाला. "तू बरी आहेस."

त्यात टोमणा नव्हता. असता तर मला भांडता आलं असतं.

शस्त्रक्रिया दोन तासांत झाली. तिसऱ्या दिवशी घरी आल्यावर तो मोरीपाशी गेला आणि थंड पाण्याचे हबके तोंडावर मारत सुटला. मारतोय आणि हसतोय. मीही हसले, आणि ते खरं होतं. दुखणं गेलं होतं. पंधरा दिवसांनी त्याने क्लॅरिनेट काढलं, पत्ती भिजवली, ओठांत धरली. उजव्या कोपऱ्यातून हवा फसफसत गेली. त्याने बोटाने तो कोपरा दाबून पाहिला, सूर लागला, पण मग बोट वाद्यावर कमी पडलं. अर्धा तास त्याने खटाटोप केला. मग वाद्य पुसून पेटीत ठेवलं आणि चैत्रात पथकातल्या एका नव्या मुलीला देऊन टाकलं. आता तो साइड ड्रम वाजवतो. चांगला वाजवतो, असं सगळे म्हणतात.

आमच्या संस्थेच्या यादीत माझं औषध जगातलं सर्वांत निर्दोष वेदनाशामक म्हणून नोंदलेलं आहे. ते जगात एकाच माणसाला लागू पडतं. रेणूयंत्र ते मला आयुष्यभर पुरवू शकेल.

परवा भाद्रपदातल्या पहिल्या शुक्रवारी चांगुणाबाईंचा फोन आला. सातव्या झुडपाला नवी पालवी आलीय आणि ती मोकळी आहे, असं त्यांनी सांगितलं. यंदाचा पहिला मान तुव्ह्या मालकाचा, ये त्याला घेऊन. त्यांना कुणी काही कळवलंच नव्हतं. मी कळवायला हवं होतं.

नंदू जेवत होता. मी त्याच्यासमोर बसून फोन काय होता ते सांगितलं. त्याचा घास हातात थांबला. त्याच्या ओठांच्या उजव्या कोपऱ्यातून आमटीचा ओघळ हनुवटीवर आणि तिथून खाली फरशीवर गळत होता. त्याला ते समजत नव्हतं.

"दुसऱ्या कुणाला तरी देऊ देत," तो म्हणाला. "फक्त ज्याचं दुखणं त्यालाच चावायला सांगा म्हणावं." मग डाव्या हाताने त्याने बरणी माझ्याकडे सरकवली. "तुझी आजची राहिलीय."

मी पुडी पाण्याबरोबर घेतली. पदर ओला करून त्याची हनुवटी पुसली. मग फडकं आणलं, खाली वाकून फरशीवरची आमटी पुसली आणि एका दमात सरळ उभी राहिले. कंबर मुळीच दुखली नाही.